विश्लेषण : 'नवीन विंडोज टाका' असे दुकानदार म्हणतो… पण पैसे नेमके कशाचे द्यायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा मोफत आधार थांबवला. त्यानंतर दुरुस्तीच्या दुकानांत, सायबर कॅफेंत आणि घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपसमोर एकच प्रश्न उभा आहे: आता काय? काही जण नवा लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहेत. काहींना ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांना मिळणारी विंडोजची 'की' खुणावते आहे. 'टाकून देतो, चिंता नको' म्हणणाऱ्याच्या हाती यंत्र सोपवणारेही बरेच आहेत. या गडबडीत एक साधी गोष्ट विसरली जाते. अनेकांनी विंडोजचे पैसे लॅपटॉप घेतानाच भरलेले असतात आणि तेच पैसे त्यांच्याकडून दुसऱ्यांदा घेतले जातात.

विंडोज १० बंद पडले आहे का?

नाही. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, फायली उघडतात, प्रिंट निघते. बंद झाली ती दर महिन्याला मोफत येणारी सुरक्षा अपडेट्स. प्रणालीतली एखादी नवी फट उघडकीस आली तर ती आता आपोआप बुजवली जाणार नाही. ज्या संगणकावर फक्त मुलांचे गृहपाठ आणि जुने फोटो आहेत, त्याला धोका तुलनेने कमी. त्याच संगणकावरून नेट बँकिंग, प्राप्तिकराचे विवरणपत्र किंवा दुकानाचे जीएसटीचे काम होत असेल तर मात्र चालढकल करू नये.

तुमच्याकडे परवाना आधीच आहे, तो कसा पाहायचा?

खरी बचत इथे आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवे. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडा. विंडोज ११ असेल तर 'सिस्टीम' आणि त्यात 'अ‍ॅक्टिव्हेशन'. तिथे विंडोज डिजिटल परवान्याने सक्रिय असल्याचे दिसले, तर बहुतेक वेळा तुमचा परवाना यंत्राशी जोडलेला असतो. विंडोज १० चा खरा परवाना असलेल्या आणि तांत्रिक निकष पूर्ण करणाऱ्या संगणकाला विंडोज ११ मोफत मिळते. होमला होम, प्रोला प्रो. मायक्रोसॉफ्ट त्यासाठी एक रुपयाही घेत नाही, आणि विंडोज ११ मोफत डाउनलोड करण्याची सोय कंपनीच्या संकेतस्थळावरच आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. अशा लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलली, नवी एसएसडी बसवली, सगळे पुसून नव्याने विंडोज टाकले, तरी इंटरनेट जोडताच प्रणाली ती की ओळखते आणि स्वतःच सक्रिय होते. मग दुरुस्तीच्या बिलात 'विंडोज परवाना' म्हणून वेगळी रक्कम दिसली, तर ती कशाची, असे विचारायला संकोच नको. विंडोज टाकायला लागलेल्या वेळेची मजुरी देणे रास्तच आहे. पण मजुरी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'आम्ही फॉरमॅट केले, पण विंडोज सक्रियच होत नाही,' ही तक्रार आपल्याकडे बरीच ऐकू येते. अनेकदा त्याचे कारण फार साधे असते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. मूळ परवाना तिचा आणि फॉरमॅट करताना टाकली 'प्रो', की ताळमेळ बसत नाही. मग 'तुमचा परवाना गेला' असे सांगून नवीन की गळ्यात मारली जाते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की प्रश्न सुटतो. यंत्र दुकानात देण्याआधी अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कोणती आवृत्ती होती याचा वाद मग उरत नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केले तर डिजिटल परवाना त्या खात्याशीही जोडला जातो. पुढे एखादा सुटा भाग बदलला तर परवाना पुन्हा जागेवर आणायला ते उपयोगी पडते.

जुना, वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप आता शहरांतल्या बाजारांत सर्रास मिळतात. त्यांच्यासोबत आलेला मूळ परवाना यंत्राबरोबरच राहतो, आधीच्या मालकाबरोबर जात नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातच लॅपटॉप सुरू करून अ‍ॅक्टिव्हेशनचे पान पाहावे.

एक वाट मात्र बंद झाली आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर विंडोज १० मोफत घेण्याची योजना अधिकृतपणे २९ जुलै २०१६ ला संपली होती. तरीही त्या की पुढे अनेक वर्षे चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती पळवाटही बंद केल्याचे जाहीर केले. यूट्यूबवरचे जुने व्हिडीओ पाहून कपाटातला विंडोज ७ चा स्टिकर शोधत बसण्यात आता अर्थ नाही.

'तुमचा संगणक विंडोज ११ ला चालत नाही' म्हणजे काय?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि मान्यताप्राप्त यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळ मानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्यामुळे २०१८ च्या सुमारास किंवा त्यानंतर नवा घेतलेला लॅपटॉप बहुधा पात्र ठरतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप चालवले की उत्तर मिळते.

पण त्या अ‍ॅपने नकार दिला म्हणून लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नका. जोडून घेतलेल्या, म्हणजे असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये टीपीएमची सोय असूनही ती अनेकदा बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिचे नाव पीटीटी, तर एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम असते. ती सुरू केली की नकाराचा होकार होऊ शकतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, थोडी काळजी मात्र लागते. बायोसला हात लावण्याआधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. डिस्कची विभागणी जुन्या पद्धतीची असेल तर तीही बदलावी लागते. ते काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

हे निकष चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या चालतातही. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे. सुरक्षेसाठी प्रणाली बदलायची आणि सुरक्षेचीच हमी सोडायची, हा व्यवहार घराच्या एकमेव संगणकावर करण्यासारखा नाही.

यंत्र खरोखरच जुने असेल तर?

एक अधिकृत मुदतवाढ आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना आणली. तिच्यात सामील होण्याचे तीन मार्ग आहेत. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवला तर ती मोफत मिळते. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण खर्चूनही मिळते. नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीची स्थानिक चलनातली रक्कम भरायची. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते या अटी आहेत. एका खात्याखाली दहा संगणकांपर्यंत हा लाभ घेता येतो. घरात दोन-तीन जुनी यंत्रे असतील तर प्रत्येकासाठी वेगळे पैसे मोजायचे कारण नाही.

मोफतच्या पर्यायात वनड्राइव्हची ५ जीबी जागा लागते, आणि तीही मोफत असते. मात्र फोटो आणि सगळे फोल्डर त्यात टाकायला सुरुवात केली की जागा भरते आणि जादा जागेचे पैसे मागणारे संदेश येऊ लागतात. फक्त सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तरी अट पूर्ण होते. कंपन्यांच्या नेटवर्कला, म्हणजे डोमेनला जोडलेल्या संगणकांना ही घरगुती योजना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळा दर आहे: पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. एखाद्या छोट्या कारखान्याने तीन वर्षांचा हिशेब मांडला, तर नवे यंत्र घेणे स्वस्त पडेल.

विकत घ्यायचेच असेल तर कोणते घ्यावे?

नवीन डेस्कटॉप जोडून घेणाऱ्यांना हा खर्च खरोखर करावा लागतो. विंडोज ११ होमची अमेरिकेतली अधिकृत किंमत १३९ डॉलर आणि प्रोची १९९.९९ डॉलर आहे. भारतातली ताजी किंमत मायक्रोसॉफ्टच्या भारतीय संकेतस्थळावर पाहावी. घरात प्रो घेण्याचा आग्रह सहसा अनाठायी असतो. प्रोमध्ये जास्तीचे मिळते ते मुख्यतः कार्यालयीन नेटवर्कला जोडणे, दुसरीकडून आपल्या संगणकाचा ताबा घेणे आणि बिटलॉकरवर पूर्ण नियंत्रण. विद्यार्थी, गृहिणी, छोटा दुकानदार यांच्यापैकी बहुतेकांना होम पुरते.

परवान्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ओईएम परवाना ज्या यंत्राबरोबर आला त्याच यंत्रापुरता असतो. मदरबोर्ड बदलला की तो बहुतेक वेळा संपतो. रिटेल परवाना महाग असतो, पण जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. दर चार-पाच वर्षांनी स्वतः सुटे भाग बदलणाऱ्याला दीर्घकाळात रिटेल स्वस्त पडतो. एकच यंत्र मोडेपर्यंत वापरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत गणित वेगळे आहे. 'डॉस' किंवा 'फ्री-डॉस' असे लिहिलेला लॅपटॉप विंडोजवाल्यापेक्षा थोडा स्वस्त दिसतो. लिनक्स वापरणार असाल तर तो जरूर घ्या, ती अगदी वैध बचत आहे. पण नंतर विंडोज टाकणारच असाल, तर किमतींतला फरक आणि सुट्या परवान्याची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा. लॅपटॉप कंपन्या विंडोज घाऊक भावात घेतात. त्यामुळे लॅपटॉपसोबत आलेले विंडोज नंतर सुटे घेतलेल्या विंडोजपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. 'डॉसचा घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो' या आश्वासनात परवान्याचा उल्लेख आहे का, ते नीट ऐका.

महाविद्यालयाचा ईमेल पत्ता असलेल्यांनी आपल्या संगणक विभागात एकदा चौकशी करावी. अनेक संस्थांनी मायक्रोसॉफ्टशी करार केलेले असतात आणि त्यातल्या काही सवलती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांसाठीही मायक्रोसॉफ्टची सवलत योजना आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने परवाना पक्क्या बिलावर घेतला, तर सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट नियमानुसार मिळू शकते. कच्च्या बिलावर 'स्वस्त' मिळालेल्या कीमध्ये ही सोय नसते, हे अनेक दुकानदारांच्या लक्षातच येत नाही.

काही शे रुपयांची 'की' वैध असते का?

बहुधा नाही. ती चालते, म्हणून लोक फसतात. एखाद्या कंपनीला किंवा विद्यापीठाला शेकडो संगणकांसाठी एकत्र दिलेली की असते. ती कोणीतरी बाहेर काढतो आणि किरकोळीत विकतो. 'एलटीएससी' नावाच्या आवृत्तीच्या कीही अशाच फिरतात. ती आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोठ्या संस्थांना आणि यंत्रनिर्मात्यांना देते, घरगुती ग्राहकांना किरकोळीत विकत नाही. की खरी असली तरी विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार नसतो. त्यामुळे तुम्हाला मिळतात ते फक्त पंचवीस आकडे-अक्षरे. परवाना मिळत नाही. मूळ मालकाचा करार संपला किंवा मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आले की की बाद होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' ही अक्षरे उमटतात. तोवर विक्रेत्याचे ऑनलाइन दुकान नाव बदलून मोकळे झालेले असते.

युरोपातून आणलेल्या वापरलेल्या परवान्याची जाहिरातही दिसते. तिच्या मुळाशी युरोपीय न्यायालयाचा जुलै २०१२ चा निकाल आहे. 'यूजसॉफ्ट' विरुद्ध 'ओरॅकल' या खटल्यात ठरावीक अटींवर वापरलेल्या सॉफ्टवेअर परवान्याची पुनर्विक्री मान्य झाली. पण तो निकाल युरोपीय संघाच्या कायद्याचा अर्थ लावणारा आहे. भारतातल्या ग्राहकाला त्याचा आधार घेता येईल असे समजू नये.

'क्रॅक' वापरण्याबाबत भारतीय कायद्यात संदिग्धता नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर कारणे नोंदवून कारावास न देता केवळ ५० हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. घरातल्या संगणकावर कोणी धाड टाकत नाही, हे खरे. पण दुकान, क्लासेस किंवा कार्यालय चालवणाऱ्यासाठी हा धोका कागदावरचा नाही. शिवाय क्रॅक चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. अनोळखी माणसाने बनवलेल्या प्रणालीसाठी घराचे दार उघडे ठेवायचे आणि त्याच संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकायचा, यात वाचतात ते काही शे रुपये. जाते ते खाते.

लिनक्स खरोखर फुकट आणि पुरेसे आहे का?

फुकट आहे, पूर्णपणे वैध आहे, आणि अनेकांना पुरेसे आहे. यातला 'अनेकांना' हा शब्द महत्त्वाचा.

केरळच्या सरकारी शाळांनी हा रस्ता फार पूर्वीच धरला. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर लिनक्स वापरल्याने ३००० कोटी रुपये वाचल्याचा दावा केला होता. हा आकडा वाचताना भान ठेवायला हवे. प्रत्येक संगणकामागे दीड लाख रुपये धरून तो काढला आहे आणि त्यात विंडोजसोबत इतर सशुल्क सॉफ्टवेअरही मोजले आहे. तरीही एका राज्याच्या शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली तयार केली आहे, तीही भारतीय भाषांच्या सोयीसह.

घरगुती वापरासाठी 'लिनक्स मिंट' आणि 'उबुंटू' ही दोन नावे पुरेशी आहेत. मिंटची मांडणी विंडोजच्या जवळची आहे आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही ते बऱ्यापैकी चालते. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीची अपडेट्स मिळतात. 'उबुंटू प्रो' ही वाढीव सेवा व्यक्तिगत वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत आहे. दोन्ही प्रणाली काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतो का, हे अर्ध्या तासात कळते. पसंत पडले नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज होते तसेच असते. आणखी एक पर्याय म्हणजे गुगलचे मोफत 'क्रोमओएस फ्लेक्स'. ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्येच होते त्यांना ते पुरते. मात्र त्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत आणि इंटरनेटशिवाय फारसे काही करता येत नाही.

मराठी टायपिंगची भीती अनाठायी आहे. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतात. खरी अडचण जुन्या फाँटची आहे. ज्यांचे वीस वर्षांचे काम श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आणि पेजमेकरच्या फायलींत अडकले आहे, अशा छपाईवाल्यांनी आणि डीटीपी करणाऱ्यांनी विंडोज सोडू नये. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनीही नको. निविदा किंवा कराच्या कामासाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचे लिनक्ससाठी ड्रायव्हर आहेत का, हे पुरवठादाराकडून आधी लेखी घ्यावे. एमएस ऑफिसऐवजी मोफत 'लिब्रेऑफिस' मिळते आणि अर्ज, पत्रे, साधे तक्ते त्यात छान होतात. पण मॅक्रो घातलेल्या एक्सेलच्या फायली कधी कधी रुसतात. संगणक एकच आणि काम पोटापाण्याचे, अशा वेळी आधी महिनाभर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात.

दुकानात देताना काय विचारायचे?

बिलावर मजुरी आणि परवाना वेगळ्या ओळींत मागा. परवान्याचे पैसे लावले असतील, तर तो ओईएम आहे की रिटेल, आणि होम आहे की प्रो, हे बिलावर लिहून घ्या. यंत्र परत घेताना अ‍ॅक्टिव्हेशनचे पान समोर उघडायला सांगा आणि आधी काढलेल्या फोटोशी पडताळा. अँटीव्हायरस बंद केलेला आढळला तर का, ते तिथेच विचारा. पैसे घेऊन बाद की दिली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी पक्के बिल हाताशी हवे. अशा प्रणालीतून खात्यातले पैसे गेले असतील, तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फिरवावा, आणि तोही दुसऱ्या फोनवरून, त्या संगणकाचे इंटरनेट तोडून.